पहिली टोपली तीस मीटरवर

शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. प्रत्येक वर्गात पाच-सहा मुलं अशी असतातच, की खेळाचा तास सुरू झाला की त्यांचं पोट दुखायला लागतं. कुणाच्या बुटाचा सोल निघालेला असतो, कुणी पाण्याची बाटली आणायला वर्गात जातं ते तास संपेपर्यंत परत येत नाही. ही मुलं आळशी नसतात. सोसायटीच्या जिन्यावरून तीच मुलं दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतात. पण मैदानावरचं गणित त्यांना कळलेलं असतं. खो-खोत आपण पहिल्याच तुकडीत बाद होणार, क्रिकेटमध्ये बॅटिंग येईपर्यंत घंटा होणार, आणि कबड्डीत दोन कॅप्टन गडी निवडू लागले की आपलं नाव सगळ्यांच्या शेवटी येणार. तिसरी-चौथीतच हे त्यांना पक्कं समजतं आणि पुढे कुणी ते खोडून काढत नाही.

मी स्वतः खो-खोची मुलगी. माझ्या गुडघ्यांवर अजून त्या मातीच्या खुणा आहेत. ज्या शहरात हा खेळ नियमबद्ध झाला त्याच शहरात मी तो शिकले आणि पुढे शिकवला, याचा मला अभिमान आहे. 1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये समिती नेमून खो-खोचे नियम बसवले. त्याच्याही आधी, 1870च्या दशकात, पुण्याच्या लष्करी छावणीत साहेब लोक बॅडमिंटनचे नियम कागदावर आणत होते; त्या खेळाला काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखत. 1924 मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं आणि शारीरिक शिक्षण हा विषय म्हणून शिकवण्याची वाट इथे रुंद झाली. एवढा वारसा असलेल्या गावात पी.टी.च्या बाईने परदेशातून आलेल्या, प्लास्टिकची थाळी टोपलीत फेकायच्या खेळामागे लागावं, हे माझ्या काही सहकाऱ्यांना आवडलं नाही. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. पण पोट दुखणाऱ्या मुलांचं काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

मला ते उत्तर डिस्क गोल्फमध्ये मिळालं, आणि ते खेळाच्या रचनेतच आहे. आपले बहुतेक मैदानी खेळ असे आहेत, की ज्याला जास्त येतं तो जास्त वेळ खेळतो. चांगला पळणारा नऊ मिनिटं मैदानावर राहतो, कच्चा अर्ध्या मिनिटात बाहेर बसतो. सराव नेमका त्यालाच मिळत नाही ज्याला त्याची गरज असते. डिस्क गोल्फमध्ये हे उलटं होतं. टोपलीत डिस्क पडेपर्यंत फेकत राहायचं. चांगला खेळाडू तीन फेकींत पोहोचतो, नवखा सात किंवा आठ फेकींत. म्हणजे ज्याला कमी येतं त्याला जास्त फेकायला मिळतं. कुणी बाद होत नाही. शेवटचा मुलगासुद्धा शेवटच्या टोपलीपर्यंत जातोच, आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात, कारण नियमच तसा आहे: टोपलीपासून ज्याची डिस्क सगळ्यात लांब, त्याने आधी फेकायचं.

खेळ साधा आहे. ठरलेल्या जागेवरून, तिला ‘टी’ म्हणतात, डिस्क फेकायची. ती जिथे पडेल तिथे खूण ठेवायची आणि तिथूनच पुढची फेक. खांबाला साखळ्या टांगलेल्या असतात, त्यांच्याखाली लोखंडी टोपली. डिस्क साखळ्यांवर आपटते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. जितक्या कमी फेकी तितकं चांगलं. अशा नऊ किंवा अठरा टोपल्यांचा एक कोर्स. साखळ्यांची ही युक्ती एड हेड्रिक या अमेरिकन गृहस्थांची. 1977 मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. त्याआधी लोक झाडाच्या खोडावर, दिव्याच्या खांबावर नेम धरून खेळत, आणि डिस्क खांबाला लागली की नुसती घासली यावरून वाद होत. साखळीचा आवाज झाला की वाद मिटतो. लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह नावाच्या सार्वजनिक बागेत 1975 साली पहिला कायमचा कोर्स याच हेड्रिकनी आखला. 2002 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. आज फिनलंड आणि एस्टोनियासारख्या छोट्या देशांत गावोगावी कोर्स आहेत आणि जगभरातले बहुसंख्य कोर्स सार्वजनिक बागांत, फुकट खेळायचे आहेत. मला या खेळाकडे ओढणारी दुसरी गोष्ट हीच. साधा गोल्फ खेळायला आधी क्लबच्या फाटकातून आत जावं लागतं.

बाग कुठली, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. तळ्याकाठी मोकळी जागा मिळेल म्हणून नकाशा पाहिला; त्यावर पुण्याजवळ तळी बरीच दिसतात. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते पाषाणचं. राम नदी अडवून ब्रिटिश काळात झालेला हा तलाव, बांधावरून चालायला सुंदर. पण तो पक्ष्यांचा आहे. हळदी-कुंकू बदकं, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, पाणकावळे, आणि हिवाळ्यात बाहेरून येणारे पाहुणे. तिथे पहाटे दुर्बीण घेऊन बसणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून डिस्क भिरकावण्याचा विचारही माझ्या मनाला पटला नाही. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. त्याच्याच पाण्याने पेठांमधले हौद भरत, जमिनीखालचे नळ आणि त्यांचे उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायची तोंडं, अजून सापडतात. तिथे शेजारी प्राणिसंग्रहालय आणि रविवारची गर्दी. सारसबागेत आता तळं नावापुरतंच. गणपतीला मात्र लोक अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. मॉडेल कॉलनीतलं तळं छोटं, भोवती चालण्याची पायवाट आणि तिच्यावर सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठ मंडळी. तिथे चेंडूसुद्धा टाकू नये.

शेवटी उपनगरातल्या एका तलावाकाठच्या बागेत जागा मिळाली. उन्हाळी शिबिरापुरती आणि पुढे शनिवार-रविवार सकाळपुरती, तात्पुरत्या परवानगीवर. बागेचं नाव मी लिहीत नाही. परवानगी बेताची आहे, आणि एकदम गर्दी झाली तर ती टिकणार नाही. परवानगीच्या कागदासाठी किती खेटे घातले ते इथे सांगत बसणार नाही. शेवटी मिळाली आणि देणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन जागा पाहिली, हे महत्त्वाचं. त्यांनी एकच विचारलं, “बाई, पोरं पाण्यात तर जाणार नाहीत ना?”

तो प्रश्न योग्य होता आणि संपूर्ण आखणी त्या प्रश्नावर उभी राहिली. गोल्फ डिस्क पाण्यात पडली की बहुतेक वेळा बुडते. आपल्या तळ्यांच्या काठाला गाळ असतो, वर जलपर्णी असते, आणि काठ कुठे संपतो ते दिसत नाही. मुलाची डिस्क पाण्यात गेली की मूल तिच्या मागे जाणार, तुम्ही कितीही ओरडून सांगा. तेव्हा ‘पाण्यात जाऊ नका’ असा नियम करण्याआधी डिस्क पाण्यात जाणारच नाही अशी दिशा शोधायची, असं मी ठरवलं.

इथे थोडं थाळीच्या उडण्याविषयी सांगायला हवं, कारण कोर्स नवख्यांसाठी सोपा होतो तो याच माहितीच्या जोरावर. डिस्क हवेत स्थिर राहते ती फिरकीमुळे. फिरणारा भोवरा जसा कलला तरी पडत नाही, तशी फिरणारी डिस्क आपला तोल धरून ठेवते. फिरकी आणि वेग कमी झाला की ती एका बाजूला कलते. उजव्या हाताने छातीपासून बाहेर फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि शेवटी डावीकडे झुकत उतरते. हे झालं शहाण्या फेकीचं. नवखा मुलगा मुठीत डिस्क घट्ट धरतो, सोडायला उशीर करतो, आणि ती सरळ उजवीकडे जाते. दुसरा नवखा डिस्कचं तोंड वर करून फेकतो, ती आकाशात चढते, थबकते आणि डावीकडे कोसळते. म्हणजे नवख्याच्या फेकीला डावी बाजूही आहे आणि उजवीही. तळं कुठल्याही बाजूला असलं तरी धोका तोच.

मग उरते पाठ. तळं फेकणाऱ्याच्या पाठीशी ठेवायचं. आमची मोकळी जागा तळ्याच्या पूर्वेला आहे, आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. म्हणजे पाण्यावरून जमिनीकडे. पाठीमागून आलेल्या वाऱ्यात डिस्कला उचल कमी मिळते, ती लवकर खाली बसते. लांब फेकणाऱ्याला हे आवडत नाही, नवख्याला मात्र हाच वारा सोयीचा, कारण त्याची डिस्क भरकटत नाही. समोरून वारा आला तर उलट होतं: डिस्क जणू जास्त वेगाने फेकल्यासारखी वागते, वर उठते आणि उजवीकडे वळते. म्हणून तळ्याकडे तोंड करून खेळायच्या टोपल्या आम्ही मोजक्याच ठेवल्या. त्याही आखूड, आणि त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये करंजांची दाट रांग आहे.

पहिली टोपली तीस मीटरवर आहे. अनुभवी खेळाडूंना हे हास्यास्पद वाटेल. त्यांच्या कोर्सवर शंभर मीटर म्हणजे किरकोळ अंतर. मला पहिल्या टोपलीवर अंतर नकोच होतं. मला हवं होतं ते हे, की आयुष्यात पहिल्यांदा डिस्क हातात घेणाऱ्या माणसाला टीवर उभं राहिल्या जागी टोपली पूर्ण दिसावी, मध्ये एकही झाड नसावं, आणि पहिली फेक कितीही वाईट पडली तरी दुसऱ्या फेकीला टोपली आवाक्यात वाटावी. दुसरी टोपली चाळीस मीटर, तिच्या वाटेवर डाव्या हाताला एकच कांचन. तिसरीपासून झाडं येतात. सगळ्यात लांबची, सातवी, सत्तर मीटर. ती मुद्दाम सातवी, कारण तोवर हात मोकळा झालेला असतो आणि पुढे दोन आखूड टोपल्या उरलेल्या असतात, घरी जाताना कानात साखळीचा आवाज असावा म्हणून.

टोपल्या विकत आणायचा विचार किंमत पाहून सोडून दिला. साखळ्या बोहरी आळीत मिळाल्या. दुकानदाराने जाड साखळी पुढे केली, “मॅडम, ही वर्षानुवर्षं जाईल.” पण जाड साखळी या कामाची नाही, नवख्याची डिस्क सावकाश येते, जड साखळीवर आपटून ती मागे उडते. हलकी साखळी हलते, डिस्कला कवेत घेते. वरचं कडं म्हणून सायकलच्या जुन्या रिमा वापरल्या. आऱ्यांची भोकं समान अंतरावर असतात, त्यामुळे साखळ्या आपोआप सारख्या बसल्या. भवानी पेठेतल्या फॅब्रिकेटरने पाइप आणि खालची टोपली वेल्ड करून दिली. पहिली टोपली तयार झाली तेव्हा त्याने दुकानाचं शटर पूर्ण वर केलं, रस्त्याच्या कडेला उभं राहून स्वतः डिस्क फेकून पाहिली, आणि दोन साखळ्यांमधून डिस्क पार निघून जाते हे त्यालाच दिसलं. त्याने आतून आखूड साखळ्यांचं आणखी एक वेटोळं लावलं. न सांगता. कारखान्यात बनलेल्या टोपल्यांनाही साखळ्यांचे आत-बाहेर असे दोन फेर असतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बैठकीसाठी रंगाच्या मोठ्या डब्यांत सिमेंट ओतलं. जमिनीत काहीही रोवायचं नाही ही परवानगीची अट होती, आणि ती अट मला मान्य होती.

झाडांबद्दल मी जे शिकले ते बागेतल्या माळी मामांकडून. तळ्याकाठी एक जुना पर्जन्यवृक्ष आहे, त्याची सावली इतकी पसरलेली की मला तिथे चौथी टोपली हवी होती. मामा म्हणाले, “तिथं नको, ताई. पोरं रोज तिथं उभी राहणार, माती दाबली जाणार, मुळांना पाणी जाणार नाही. दोन वर्षांनी शेंडा वाळायला लागेल.” मैदानावर आयुष्य काढलेल्या मला माती घट्ट झालेली आवडते; खो-खोचं मैदान आम्ही पाणी मारून, रोलर फिरवून घट्टच करायचो. झाडाखालची माती मात्र श्वास घेते हे मला कुणी तितक्या नेमक्या शब्दांत सांगितलं नव्हतं. मामांनीच दाखवलं, की जुलैत पाणी कुठे तुंबतं, स्प्रिंकलरची लाइन कुठून गेली आहे, आणि कुठल्या कडुनिंबाच्या ढोलीत पोपट असतात. टोपल्या हलवता येण्याजोग्या असल्यामुळे आम्ही दर काही आठवड्यांनी त्यांची जागा बदलतो, म्हणजे एकाच ठिकाणचं गवत जात नाही. ज्या 1975 साली अमेरिकेत पहिला डिस्क गोल्फ कोर्स झाला, त्याच साली महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा झाला. माझ्या मनात या दोन गोष्टी आता एकत्रच राहतात. खेळासाठी फांदीसुद्धा तोडायची नाही. वाटेत झाड आलं तर फेक वळवायची. आणि खरं तर झाडामुळेच फेक वळवायला शिकता येतं.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो चालायला येणाऱ्यांचा. आपल्याकडे बागेत पहिला हक्क चालणाऱ्यांचा असतो, निदान सकाळी. बाकावर बसलेल्या आजी, हास्यक्लब, बाबागाडी ढकलणारे आई-वडील. बहुतेक बागांच्या फाटकावर चेंडूचे खेळ खेळू नयेत अशी पाटी असते आणि ती पाटी एखाद्या आजोबांच्या चष्म्यावर चेंडू बसल्यानंतरच लागलेली असते, हे मी विसरत नाही. गोल्फची डिस्क मऊ फ्रिसबीसारखी नसते. तिचा व्यास लहान, सुमारे एकवीस सेंटिमीटर, आणि कड टणक. लांब जाणाऱ्या ‘ड्रायव्हर’ची कड तर धारदारच. म्हणून आमच्याकडे ड्रायव्हर नाहीतच. बोथट कडेच्या, सावकाश उडणाऱ्या ‘पटर’ आणि ‘मिडरेंज’ एवढ्याच. नवख्याला ड्रायव्हर देणं चूकच आहे. त्याच्या हातात तेवढा वेग नसतो, डिस्क नुसती डावीकडे पडते आणि त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. एकही फेक पायवाट ओलांडत नाही. टीवर उभ्या राहिलेल्या मुलाला पायवाटेवर माणूस दिसला तर डिस्क छातीशी धरून थांबायचं. पहिल्या आठवड्यात मला हे ओरडून सांगावं लागलं, पुढे मुलं एकमेकांना सांगू लागली.

आता त्या पोट दुखणाऱ्या मुलांकडे येते.

सातवीतली एक मुलगी. तिला मी तीन वर्षं ओळखते आणि मैदानावर तिला कधी घाम आलेला पाहिला नव्हता. पहिल्या टोपलीला तिने इतक्या फेकी घेतल्या, की तिच्या गटातल्या मुलाने मोजणं सोडून दिलं. माझ्या पोटात गोळा आला. खो-खो असता तर ती कधीच बाहेर बसली असती आणि पुढच्या तासाला आलीच नसती. इथे मात्र ती फेकत राहिली, कारण दुसरं काही करायचंच नव्हतं, आणि तिच्या तिसऱ्या टोपलीपर्यंत तिचा हात इतरांपेक्षा जास्त वेळा फिरलेला होता. चौथ्या टोपलीवर साखळी वाजली. तिने मागे वळून कुणी पाहिलं का ते बघितलं. शिबिर संपेपर्यंत तिची फेकसंख्या निम्म्याच्या खाली आली. मी तिला फार काही शिकवलं नाही. बोटं कडेखाली कशी ठेवायची आणि मनगट कधी सोडायचं एवढंच. बाकी तिच्या जास्तीच्या फेकींनी शिकवलं.

एक मुलगा, अंगाने जड. धावण्याच्या प्रत्येक खेळात त्याला हसलेलं मी पाहिलंय आणि दरवेळी हसणाऱ्यांना मी रागावलेय. रागावण्याने काही बदललं नव्हतं. या खेळात त्याचा हात वर्गात सगळ्यांत स्थिर निघाला. टोपलीपासून सात-आठ मीटरवरून त्याची डिस्क क्वचित चुकते. आता गटात तो हवा असतो.

आणि आमच्या शाळेच्या क्रिकेट संघातला वेगवान गोलंदाज. त्याला पहिले दोन आठवडे हा खेळ अजिबात जमला नाही. तो सगळी ताकद लावायचा आणि डिस्क उजवीकडे झाडीत जायची. त्याला राग यायचा. त्याच्या बाबतीतही हा खेळ उपयोगी पडला असं मी म्हणेन, कारण ज्याला सगळं चटकन येतं त्या मुलाला न येण्याची सवय शाळेत कुणीच लावत नाही.

फेकी मोजायच्या आपल्या आपण. पंच नसतो. सुरुवातीला मुलांनी आकडे कमी सांगितले, सांगणारच. मी एकाची मोजणी दुसऱ्याकडे दिली. तो भांडण लागेल म्हणून घाबरला आणि खरा आकडा बोलला. मग प्रत्येकाच्या कार्डावर त्याचा स्वतःचाच मागचा आकडा लिहिला आणि सांगितलं, आज याच्याशी खेळायचं. शेजारच्याशी नाही. त्या दिवसापासून आकडे खरे येऊ लागले. स्वतःला फसवून पुढच्या शनिवारची मजा जाते, हे मुलांना माझ्याआधी कळलं.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, याचे दहावीला क्रीडा गुण मिळतात का?” मी त्यांना स्पष्ट सांगते, गुणांसाठी हे नाही. गुण हवे असतील तर मी त्याच मुलाला खो-खोला, ॲथलेटिक्सला तयार करीन, आणि मनापासून करीन. पाठलाग, हुलकावणी, क्षणात दिशा बदलणं, खांद्याला खांदा लावून संघासाठी धावणं, हे डिस्क गोल्फ शिकवू शकत नाही. खो-खोच्या जागी मी हा खेळ आणलेला नाही. जी मुलं कुठल्याच खेळात नव्हती त्यांच्यासाठी आणला. त्यांतली काही आता खो-खोच्या तासाला रांगेत बसतात, ‘खो’ मिळाला की उठून पळतात, बाद होतात आणि परत येऊन बसतात. पोट दुखत नाही. हात एका खेळात विश्वासाचा झाला की पायांनाही थोडा धीर येतो, असं माझं निरीक्षण आहे. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

शिबिरानंतर मोठी माणसंही येऊ लागली. सकाळी चालायला येणाऱ्या एका काकूंनी दोन शनिवार नुसतं पाहिलं, तिसऱ्या शनिवारी साडीचा पदर खोचून एका मुलाला म्हणाल्या, “मला एक दे रे बाळ.” मुलाने त्यांना डिस्क कशी धरायची ते दाखवलं. बारा वर्षांचा मुलगा साठीच्या बाईला काहीतरी शिकवतोय आणि ती लक्ष देऊन शिकतेय, हे आपल्याकडे बागेत किती वेळा घडतं? त्या आता नियमित येतात. गुडघ्याचं दुखणं आहे, त्यामुळे वाकून टोपलीतून डिस्क काढायचं काम मुलं करतात.

पावसाळ्यात आम्ही थांबतो. गवत ओलं असतं, काठ निसरडा होतो, आणि बागेलाही विश्रांती लागते. टोपल्या माळी मामांच्या अवजारांच्या खोलीत जातात. साखळ्यांना तेल लावून ठेवावं लागतं, नाहीतर दसऱ्यापर्यंत गंज चढतो. ऑक्टोबरची उन्हं कमी झाली की पुन्हा मांडणी.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुण्यात जवळजवळ प्रत्येक बागेत ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसली. लोक ती वापरतात, चांगलंच आहे. पण ती एकेकट्याची आहेत आणि लहान मुलांच्या उंचीची नाहीत. त्या यंत्रांपैकी एकाच्या खर्चात आम्ही बनवल्या तशा काही टोपल्या नक्की होतील. माझी प्रभागातल्या लोकप्रतिनिधींना, उद्यानांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना आणि माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकांना विनंती आहे. तुमच्या भागात तळं असेल, नसेल तर नुसती मोकळी बाग असेल, तिथे एका सकाळी माळ्याला बरोबर घेऊन चक्कर मारा. पक्षी कुठे बसतात, म्हातारी माणसं कुठे चालतात, पाणी कुठे साचतं ते त्याला विचारा. उरलेल्या जागेत दोनच टोपल्या ठेवून बघा आणि महिनाभर तिथे कोण येतं ते पाहा. कोर्स आखायला मदत लागली तर मी येईन. पैसे नकोत, शनिवार-रविवार सोडून कुठलाही वार चालेल.